बिनकडीची दारं

आमच्या होस्टेलमध्ये एकाही दाराला आतून कडी नव्हती. मुलींच्या खोल्यांना नव्हती, न्हाणीला नव्हती, माझ्या स्वयंपाकघरालाही नव्हती. न्हाणीत जायचं असलं की बाहेरच्या खुंटीवर ओढणी टाकायची, म्हणजे आत कुणीतरी आहे हे कळायचं. नवीन आलेल्या मुली पहिल्या आठवड्यात यावरून रडायच्या. त्यांचे वडील आप्पांना विचारायचे, "मुलींचं होस्टेल हाय आप्पा, अन् कड्या कशा न्हाईत?"

"गेटला हाय की. अन् गेटला मी हाय."

त्यापुढं कुणी बोललं तर आप्पा हात लांब करून शेजारची इमारत दाखवायचे. "ते बघा. चार मजली हाय, लिफ्ट हाय, कड्या हायत. तिकडं जावा." बहुतेक लोक जात नसत. कारण आप्पांच्या होस्टेलमधून मुली पास होऊन जातात असं गावोगाव झालेलं होतं. त्यात आप्पांचा काही हात नव्हता, शिकवण्या बाहेरच होत्या, पण लोकांचा विश्वास होता.

आप्पा म्हणजे होस्टेलचे मालक. आधी त्यांचं बी-बियाणांचं आणि खताचं दुकान होतं. लातूरला शिकवण्या वाढल्या आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी आपापली घरं पाडून मजले चढवले. कोचिंगची पोरं येत होती, त्यांना खोल्या कमी पडत होत्या. आप्पांनी दुकानामागच्या अंगणाभोवती बैठ्या खोल्या बांधल्या आणि वर पत्रा टाकला. उन्हाळ्यात तो पत्रा इतका तापायचा की मुली ओली चादर पांघरून अभ्यास करायच्या. लोक हसायचे, म्हणायचे की एवढी मोक्याची जागा आणि म्हातारा गोठा बांधून बसलाय. आप्पांचं एकच उत्तर होतं. "डोक्यावर जे घ्यायचं ते माणसाला उचलता आलं पाहिजे."

ते स्वतः खोलीत कधीच झोपले नाहीत. अंगणात लिंबाखाली त्यांची बाज होती. पाऊस आला की ती पत्र्याच्या कडेला ओढायची, एवढंच. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी आणि उशाशी वहाणा. वहाणा नेहमी बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवलेल्या असत. झाडताना मी एकदा त्या उलट ठेवल्या तर आप्पांनी मला काही म्हटलं नाही, उठून स्वतः फिरवल्या आणि परत पडले.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. माझे मालक, म्हणजे नवरा, टेम्पोवर असत, आठवडा आठवडा बाहेर. मी आणि माझी लेक स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायचो. आप्पा मला अक्का म्हणायचे. मी त्यांच्याशी फार बोलत नसे. ते दारात उभे राहून, आत न बघता विचारायचे, "अक्का, तूरडाळ हाय का?" मी म्हणायची, "हाव." नसली तर गप्प राहायची, मग ते आणायचे. इतकी वर्षं आमचं असंच चाललं होतं. मला कुणाशीही बोलताना आधी घसा कोरडा पडतो.

मुलींना ते नावानं कधी हाक मारत नसत. ज्या गावची मुलगी, तेच तिचं नाव. देवणी, उमरी, माहूर. एका गावच्या दोघी आल्या तर थोरली देवणी आणि धाकली देवणी. मुलींना आधी राग यायचा, मग सवय व्हायची, आणि वर्ष संपायच्या आत त्याही एकमेकींना तसंच बोलवायच्या. माझी लेक बारावीला गेली तेव्हा आप्पांनी तिलाही नाव दिलं. तिच्या वडलांचं गाव निलंग्याकडचं, म्हणून ती निलंगा. मला ते फार बरं वाटलं होतं. तोवर सगळे तिला अक्काची पोरगी म्हणत.

पुढच्या जुन्या दुकानात एक कॉम्प्युटर होता. मुलींना मोबाईल ठेवायला बंदी होती, म्हणून परीक्षेचे अर्ज, निकाल, प्रवेशाचे अर्ज सगळं त्याच्यावर. प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा. मुली विसरायच्या, रडायच्या, आप्पांच्या फोनवरून आई-बापाला विचारायच्या. शेवटी हैदराबादला नोकरी करणाऱ्या आप्पांच्या पुतण्यानं त्यात पासवर्ड सांभाळणारं काहीतरी टाकून दिलं. आम्ही सगळ्या त्याला किल्लीवाला म्हणायचो, कारण रकान्याच्या कडेला एक छोटी किल्ली दिसायची. अर्जाचं पान उघडायचं, किल्लीवर दाबायचं, मुलींची गावं एकाखाली एक दिसायची. आपल्या गावावर दाबलं की नाव आणि पासवर्ड आपोआप भरायचे. त्यात आप्पांनी मुलींची नावं घातलीच नव्हती, गावंच घातली होती.

आप्पांना त्याचं फार कौतुक. आल्यागेल्याला दाखवायचे. "याला कुलूप न्हाई की काय न्हाई. माणूस दारात आला की उघडतंय."

देवणीची मुलगी एकदा म्हणाली, "पर आप्पा, मी उमरीवर दाबलं तर तिचंबी उघडंल की."

"मग तू कशाला दाबावं तिच्यावर?"

"उगं म्हणलं."

"उगं म्हणू नको. जेवाया जा."

त्या बोलण्यात काय होतं ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

आप्पांचं एक वेड मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. कॉम्प्युटरमध्ये अपडेट आलं की ते हजेरी घ्यायचे. अपडेटला ते धक्का म्हणायचे. "रात्रीत धक्का बसलाय, चला सगळ्या." केस विंचरत असलेल्या, दात घासत असलेल्या, सगळ्या दुकानात रांगेनं उभ्या. मग एकेका गावाचं नाव पुकारायचं, त्या मुलीनं पुढं येऊन आपला अर्ज उघडून दाखवायचा.

"वरचा पत्ता बघ. कालचाच हाय का?"

"हाव आप्पा, तोच हाय."

"किल्ली दिसायली का?"

"न्हाई दिसायली."

"मग ते बंद करून परत चालू कर. घाबरू नको. धक्क्यानं जागची हालती कधी कधी."

त्या कॉम्प्युटरला स्वतःचीही एक आठवण होती. कधीकाळी टाईप केलेला जुना पासवर्ड तो मनाशी धरून बसायचा आणि किल्लीवाल्याच्या आधी घाईघाईनं रकान्यात भरून मोकळा व्हायचा. आप्पांनी ती आठवण बंद करून ठेवली होती. "एका घरात दोन कारभारी नकोत." पण प्रत्येक अपडेटनंतर ती आपोआप परत चालू व्हायची. ते आधी तिथं जाऊन ती बंद करायचे, मगच हजेरी.

माहूरची मुलगी फार थट्टेखोर होती. ती म्हणायची, "आप्पा, माझं आधी बघा. आमच्या गावात देवी हाय."

"देवीला फॉर्म भरावा लागत न्हाई. तू रांगेत उभी ऱ्हा."

मुली हसायच्या. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि मला हसू येत नसे. भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. आमचं गाव पूर्ण पडलं नाही, पण शाळा गेली, आणि त्याबरोबर माझं शिकणंही. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. तिथं जमीन हलली की एक म्हातारा उठायचा आणि शेडशेडला जाऊन माणसांची नावं पुकारायचा. सगळ्यांनी ओ दिली की परत जाऊन बसायचा. आप्पांची हजेरी ऐकली की मला तो आवाज आठवायचा.

आप्पांची स्वतःची गोष्ट मी एकदाच ऐकली. मिस्त्रीचाचा जुन्या बाजारातून न्हाणीसाठी दार घेऊन आले होते. गल्लीतलं सगळं सुतारकाम तेच करायचे, त्यांचे वडीलही तेच करायचे. दाराला चांगली पितळी कडी होती आणि ती उपसायचं चाचांच्या जिवावर आलं होतं.

"आप्पा, इतकी खुबसूरत कडी. ऱ्हाऊ द्या की."

"काढा."

"पागल झाले काय तुमी? न्हाणीला तरी."

आप्पा बाजेवर बसले आणि अगदी हळू बोलले. मी आत पीठ मळत होते. सासुरवाडीला गेले होते म्हणाले. गणपती बुडवून सगळे दमून झोपायला आले. आत उकडत होतं म्हणून आप्पा ओट्यावर पडले. बायको दारात आली, दार उघडं ठेवू का म्हणाली. "मी म्हणलं, आतून कडी लाव, कुत्री येतेत. तिनं लावली." मग पहाटेच्या भूकंपाचं सांगितलं. "दगडाची भिंत बसली, वरचं मातीचं माळवद बसलं, अन् दार तसंच उभं. सागवानी चौकट व्हती. मी भाईर, अन् कडी आत."

चाचा दाराशी वळले. पान्यानं कडी उपसली आणि खिशात घालून गेले.

माझ्या लेकीला डॉक्टर व्हायचं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. लोक हसतील याचीच भीती जास्त. तिचा निकाल बरा लागला. खूप वर नाही, पण लागेल कुठंतरी असा. मग कॉलेजांची यादी भरायची होती. कुठलं पहिलं हवं, कुठलं दुसरं, अशी आपल्या पसंतीनं लावायची आणि मुदतीच्या आत बंद करायची. बंद केली की मग ती पक्की.

एक दिवस जेवणाच्या वेळी एका मुलीनं सगळ्यांपुढं वाचून दाखवलं. तिनं उगीच कॉम्प्युटरवर निलंगा दाबलं होतं आणि यादी उघडली होती. "ऐकलं का गं, निलंग्यानं पहिलंच मुंबई टाकलंय. मुंबईचं मोठं कॉलेज." मग ती माझ्याकडं वळली. "काकू, मंग भाकरी कोण थापणार हो?"

मुली हसल्या. वाईट मनानं हसल्या असं नाही, ताटं पुढं असताना मुली हसतातच. माझी लेक मान खाली घालून जेवत राहिली. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले, ती करपली. आप्पा तेव्हा गेटवर होते, त्यांना काहीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक एकटीच दुकानात कॉम्प्युटरपुढं बसलेली मला दिसली. काय करतेस म्हणून मी तिला विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं नंतर किती वेळा वाटलं.

यादी बंद करायचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती. आप्पा सकाळीच उदगीरला गेले होते, त्यांच्या नात्यात कुणीतरी गेलं होतं, त्याची माती होती. आणि नेमकं त्याच सकाळी अपडेट आलं. आप्पा नाहीत, म्हणून हजेरी झाली नाही. बाकीच्या मुलींच्या याद्या आधीच बंद झालेल्या होत्या. त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही.

दुपारची भांडी झाल्यावर लेक दुकानात गेली. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. पान उघडलं. रकाने आपोआप भरले. काळे ठिपके दिसले. तिनं दाबलं. लाल अक्षरं आली, पासवर्ड चुकीचा. तिनं परत केलं. परत ठिपके, परत लाल अक्षरं, आणि खाली आणखी एक ओळ. मला ती वाचता आली. आणखी एकदा चुकलं तर हे खातं उद्यापर्यंत बंद राहील.

उद्या म्हणजे सगळं संपलेलं.

लेकीनं हात मागं घेतले. मुली जमल्या. उमरी म्हणाली, "आप्पाले फोन लाव. कोणी हात लावू नका त्याले."

शेजारच्या इमारतीतून फोन लावला. आप्पा जीपनं आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मातीहून आलेले, तरी अंघोळ न करता तसेच आत आले. पायात वहाणा. एरवी दुकानात ते वहाणा घालून कधीच येत नसत.

"कुणी काय केलं न्हाई न्हव?"

"न्हाई आप्पा."

"मग काय न्हाई. धक्का बसलाय नुसता."

खुर्चीवर बसून त्यांनी एकेक गोष्ट बघितली. वरचा पत्ता बरोबर होता. कॉम्प्युटरची आठवण परत चालू झाली होती, ती त्यांनी बंद केली. "ह्योच भरायलता बघा, जुनं काढून." सगळं बंद करून परत चालू केलं. आता रकाने रिकामे राहिले. किल्ली दिसली. मुलींनी श्वास सोडला. आप्पांनी किल्लीवर दाबलं.

गावं आली नाहीत. एक पांढरी चौकट आली. तिच्यात लिहिलं होतं की उघडण्यासाठी आपला मुख्य पासवर्ड टाका.

आप्पा त्या चौकटीकडं बघत राहिले. "हे काय हाय? हे तर कधी विचारत न्हाई."

त्यांनी पुतण्याला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पुतण्या म्हणाला, "काका, अपडेटनंतर विचारतंय ते एकदा. तुमी टाकलेला मेन पासवर्ड टाका."

"मी कवा टाकला? तूच टाकलास."

"न्हाई काका. मी निसतं बसवून दिलं. पासवर्ड तुमीच टाईप केलात. मी बघाया लागलो तर तुमी मला म्हणलात, तोंड फिरव. मी भिंतीकडं तोंड करून उभा व्हतो. तुमाला याद न्हाई का?"

आप्पांनी फोन खाली ठेवला. बोटं उचलून हवेत धरली, जणू कीबोर्ड तापला आहे. "म्हंजे कडी मीच लावली," म्हणाले.

मग ते उठले आणि अंगणात गेले. पळाले नाहीत, पण चालणं तसंच होतं. बाजेवर जाऊन बसले आणि पत्र्याकडं बघायला लागले.

मुली एकमेकींकडं बघत होत्या. माहूरनं पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. पासवर्ड विसरलात का, असं तिथं लिहिलेलं होतं. "इथं दाबलं तर नवा मिळतोय." पण कुणी दाबेना. त्या ओळीवर दाबायचं नाही, हा आप्पांचा नियम होता. एकदा दाबलं की किल्लीवाल्यातलं सगळं खोटं ठरतं, म्हणायचे. "आपण काय विसरलो न्हाई. कशाला कबूल करायचं?"

देवणी म्हणाली, "तो जुना पासवर्ड बरुबरच असंल की. हातानं टाईप करून बघ एकदा."

लेक एकदम म्हणाली, "नको."

ते नको मी ओळखलं. मी तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात आणलं. दार लोटून घेतलं.

"काय केलंस तू?"

ती रडत नव्हती. ते जास्त भयंकर होतं. हळू आवाजात तिनं सांगितलं. त्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी तिनं पासवर्ड बदलला. किल्लीवाल्यानंच एक लांबलचक पासवर्ड सुचवला, तो तिनं हो म्हणून घेतला, बघितलासुद्धा नाही. गाव म्हणूनही तो ठेवला नाही, कुणाला दिसणार नाही असा आत कुठंतरी ठेवला. आता तो त्या पांढऱ्या चौकटीच्या आत होता.

"अन् यादी?"

"यादी मी रिकामी केली, आई. कुणी परत वाचू नये म्हणून. शेवटच्या दिवशी भरणार व्हते अन् लगेच बंद करणार व्हते."

"सगळी?"

"सगळी."

म्हणजे मुदत संपली असती तर तिच्या नावापुढं एकही कॉलेज राहिलं नसतं. मग तिनं म्हटलं, "आप्पांना सांगू नको. कडी लावल्यासारखं व्हतं ते. त्यांना आवडणार न्हाई."

मी अंगणात गेले. आप्पा बाजेवर होते. इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढं अशी जाऊन कधी उभी राहिले नव्हते. आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही.

"आप्पा. माझ्या पोरीनं पासवर्ड बदललाय. किल्लीवाल्यातला जुना खोटा हाय."

ते माझ्याकडं बघायला लागले.

"का?"

"तिला आपलं दार लावायचं व्हतं."

मग मी सांगितलं. जेवणाचं, मुंबईचं, भाकरी कोण थापणार त्याचं. कोण बोललं ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

"हे माझ्या घरात झालं?"

"हाव."

"अन् पोरी हासल्या?"

"हाव."

आप्पा जमिनीकडं बघत बसले. मला वाटलं आता म्हणतील, अक्का, बोचकं बांध. काय म्हणतील याहून मला घड्याळाची भीती होती. शेवटी मीच म्हणाले, "आप्पा, वेळ चाललाय. यादी रिकामी हाय तिची."

ते उठले. "तिनं लावलेली कडी तिलाच उघडती का बघू. मशीनला कशाला विचारायचं."

दुकानात येऊन त्यांनी लेकीला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागं उभे राहिले. "दाब ती ओळ." तिनं दाबली. पानावर आलं की अर्जातल्या मोबाईलवर एक आकडा पाठवला आहे.

अर्जात नंबर माझा होता. माझा मोबाईल पिठाच्या डब्यामागं असतो. मी धावत जाऊन आणला. त्याच्यावर काहीच आलं नव्हतं. उमरीनं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "काकू, रिचार्ज संपून गेला हो. मेसेजबी बंद होऊन राहिले याच्यावरचे."

मला कुठं कुणाला फोन करायचा असतो. मालकांनी लावला तरच वाजायचा, आणि बरेच दिवस वाजला नव्हता. मला वाटत होतं ते कामात आहेत.

आप्पांनी आपल्या फोनवरून रिचार्ज मारला. मग आम्ही थांबलो. माझा फोन टेबलाच्या मधोमध ठेवलेला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. बाहेर शिकवणी सुटल्याचा गलका गेला, सायकली गेल्या. लेक परत परत पानावरच्या घड्याळाकडं बघत होती. देवणी ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. मला त्या फोनला हात लावावासा वाटत होता आणि लावायची भीती वाटत होती. आप्पांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. पण या वेळी ते बाहेर गेले नाहीत.

"परत पाठवा म्हणून दाब," ते म्हणाले. तिनं दाबलं.

फोन वाजला. छोटासाच आवाज, पण मुली दचकल्या. आकडा आला होता. लेकीनं तो पानावर भरला. नवा पासवर्ड टाकायचा रकाना उघडला.

तेव्हा आप्पा म्हणाले, "तोंडं फिरवा."

कुणाला कळलं नाही.

"सगळ्याजणी. भिंतीकडं तोंडं करा. मीबी करायलोय." आणि ते खरंच वळले. खताच्या जुन्या कंपनीचं कॅलेंडर लटकलेल्या भिंतीकडं तोंड करून हात मागं बांधून उभे राहिले. मग मुली वळल्या. जिनं यादी वाचून दाखवली होती तीही वळली. मीही वळले. आई झाले म्हणून काय झालं.

पाठीमागं नुसता कीबोर्डचा आवाज येत होता. थांबत होता, परत येत होता. ती यादी भरत होती. कॅलेंडरावर कुठला तरी बैल होता, देवणी जातीचा, काळापांढरा. त्याची शिंगं मी किती वेळ बघितली ते माझं मला माहीत.

माहूरला राहवलं नाही. भिंतीकडं बघतच ती म्हणाली, "निलंगा, झालं का गं?"

"इचारायचं न्हाई," आप्पा म्हणाले.

परत आवाज. परत शांत.

"झालं, आप्पा."

"बंद झाली का?"

"हाव. पक्की झाली."

"तुला उघडाया येतंय न्हव? परत?"

"हाव आप्पा. येतंय."

"मग फिरा सगळ्या," आप्पा म्हणाले आणि विहिरीवर अंघोळीला गेले. मातीहून आलेल्या माणसानं आधी अंघोळ करायची असते. ती राहूनच गेली होती.

मुंबई लागली नाही. नांदेड लागलं, तिच्या यादीत ते मधे कुठंतरी होतं. मला त्याचाच जास्त आनंद झाला, जवळ म्हणून. ती जाण्याआधी आप्पांनी मिस्त्रीचाचांना बोलावून घेतलं.

"कड्या लावायच्या हायत."

चाचांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "सारी उमर कड्या उपसायला लावल्या, अन् आता लावायच्या?"

"आतून लावायच्या. सगळ्या खोल्यांना, न्हाणीला. अक्काच्या खोलीला आधी. पर दाराला भाईरून एक भोक पाडा. आतली कडी भाईरून खिळ्यानं ढकलून उघडली पाहिजे."

"मंग ती कडी कसली आप्पा?"

"कडी म्हंजे कडीच. आतल्यानं लावली की लागली. पर भाईर जो उभा हाय त्येच्या हातात कायतरी पाहिजे."

चाचांनी घरून पुडीत बांधलेल्या जुन्या कड्या आणल्या. त्यांनी एकही विकली नव्हती. न्हाणीला तीच पितळी बसली. प्रत्येक दाराबाहेर, हात पोचेल तिथं, सुतळीनं एक खिळा बांधला. मग आप्पांनी नवा नियम केला. खिळ्याला कुणी हात लावायचा नाही. धक्का बसला तरच. किल्लीवालाही त्यांनी काढून टाकला. ज्याचा पासवर्ड त्यानं सांभाळावा, विसरला तर विसरलो म्हणावं. दुकानातली हजेरी मात्र सुटली नाही. अपडेट आलं की मुली यायच्या, आपापला अर्ज उघडायच्या आणि त्या वेळी आप्पा कॅलेंडरकडं तोंड करून गावं पुकारत उभे राहायचे.

रोज संध्याकाळी, मुली शिकवणीला गेल्या की आप्पा एकेका रिकाम्या खोलीची कडी तपासायचे. एकट्याला आतून लावून बाहेरून उघडता येत नाही, म्हणून मला आत उभं करायचे. "अक्का, लाव." मी लावायची. बाहेरून खिळा आत यायचा, कडी सरकायची, दार उघडायचं. दारात आप्पा असायचे. मग पुढची खोली. त्या वेळी आम्ही थोडंफार बोलायला लागलो. लेक कशी आहे विचारायचे. मी सांगायची.

आप्पा गेले ते अंगणातच, बाजेवर, सकाळच्या उन्हात. वहाणा बाहेरच्या दिशेलाच होत्या. आता पुतण्या बघतो. तो मजले चढवायचं म्हणतोय, नकाशे आणून दाखवतो. अजून पत्रा आहे. मला कुणी जा म्हटलेलं नाही.

परवा एक नवीन मुलगी आली. उमरीकडचीच आहे. सामान लावून झाल्यावर बाहेर येऊन दाराकडं बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, "काकू, हा खिळा कशाला लटकवून ठेवला?"

मला एवढं सगळं तोंडानं सांगता येत नाही. "कडीचा हाय," म्हणाले. तिला आत जाऊन कडी लावायला सांगितलं. तिनं लावली. मी भोकातून खिळा घातला आणि सरकवला.

दार उघडलं. ती समोर उभी होती.